फॉरमॅट मारू नकोस

चि. माईस,


आधी एवढंच ऐक: कॉम्प्युटरला परत फॉरमॅट मारू देऊ नकोस. तुझ्या मशीनवर नवीन विंडोज टाकणारा तो मुलगा उद्या पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आला तर त्याला चहा दे आणि परत पाठव. त्याचा हेतू चांगला आहे, पण तुझ्या मशीनचं दुखणं विंडोजमध्ये नाहीच, असं मला तुझ्याच बोलण्यावरून वाटतंय. हे पत्र मी छापायलाही देतोय. विंडोज दहाची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आणि तेव्हापासून जुन्या मशीनवर विंडोज अकरा टाकून घेतलेली कितीतरी दुकानं आपल्या भागात आहेत. तुझ्यासारखं रडकुंडीला आलेलं आणखी कुणी असेल, त्यालाही हे उपयोगी पडावं.

तू फोनवर तीन तक्रारी वेगवेगळ्या सांगितल्यास. सकाळी दुकान उघडून मशीन लावलं की विंडोजचं चिन्ह येतं, ठिपके फिरतात, मग निळी स्क्रीन येते आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू होऊन तेच करतं. मधे त्या मुलाने आत जाऊन काहीतरी बदललं तर दिवसभर मशीन छान चाललं, अगदी रिस्टार्ट केलं तरी चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा निळी स्क्रीन. आणि तिसरी तक्रार तू जाता जाता केलीस, की हल्ली घड्याळ चुकतं, तारीख कुठल्या तरी जुन्या सालावर जाते आणि सरकारी पोर्टल ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाही. माई, या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. त्यावर सीआर 2032 असं लिहिलेलं असतं, तीन व्होल्टचा. भिंतीवरचं बटण बंद केलं की मशीनचं घड्याळ आणि बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्राममधल्या, सेटिंग या सेलवर जपल्या जातात. काही वर्षांनी तो संपतो. संपला की रात्री तू बोर्ड बंद करून घरी जातेस तेव्हा मशीन सगळं विसरतं आणि सकाळी कारखान्यातून आलेल्या मूळ सेटिंगवर उठतं. पोर्टल उघडत नाही ते त्यामुळेच. वेबसाइटच्या सुरक्षेचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतं वैध असतं, आणि तुझं मशीन त्या तारखांच्या कितीतरी आधीच्या दिवसात बसलेलं असतं.

मग प्रश्न असा, की सेल आधीपासूनच मेलेला असेल तर जुनं विंडोज कसं चालत होतं? इथेच खरी गोम आहे. डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं हेही बायोसमध्येच ठरतं. एएचसीआय ही एक पद्धत, रेड ही दुसरी, फार जुन्या बोर्डांवर आयडीई. तुझं जुनं विंडोज कारखान्यातून आलेल्या पद्धतीवरच टाकलेलं होतं, त्यामुळे सेटिंग पुसली गेली तरी त्याला फरक पडत नव्हता. नवीन विंडोज टाकताना त्या मुलाला यादीत डिस्कच दिसली नसणार, म्हणून त्याने पद्धत बदलून एएचसीआय केली असणार. असं बरेच जण करतात आणि त्यात चूक काही नाही. पण आता नवीन विंडोज एएचसीआयची वाट पाहतं, आणि सकाळी मशीन उठतं ते मूळ पद्धतीवर. विंडोज अर्धवट सुरू होतं, स्वतःचीच डिस्क वाचता येत नाही म्हणून थांबतं. निळ्या स्क्रीनवर खाली बारीक अक्षरांत जे तू वाचून दाखवलंस, ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’, ते नेमकं हेच सांगत होतं. दुखणं जुनंच होतं. नवीन विंडोज आल्यावर ते उघडं पडलं, एवढंच.

आता यावर फॉरमॅट मारला तर काय होईल? त्या दिवशी मशीन चालेल, सगळे खूश होतील, आणि दुसऱ्या सकाळी परत तीच स्क्रीन. मधल्या मधे लोकांचे कागद जातील.

त्या कागदांबद्दल मला तुझ्याशी बोलायचंच आहे. तुझ्या दुकानात मावची बोलणारी, गुजराती बोलणारी, स्टेशनच्या पलीकडून उच्छलकडची, अशी सगळी माणसं येतात. आपल्या स्टेशनाचा अर्धा फलाट गुजरातेत आहे, तसं तुझं अर्धं गिऱ्हाईकही. कुणाचा जातीचा दाखला, कुणाच्या पोराचा शिष्यवृत्तीचा अर्ज, कुणाचा वनहक्काचा दावा तुझ्या डिस्कवर असतो. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्यानंतरच्या वर्षांत इथल्या माणसाचं प्रत्येक काम एखाद्या दुकानातल्या अशाच कॉम्प्युटरवर येऊन ठेपलं. ज्या बाईने एक दिवसाची मजुरी बुडवून तुझ्याकडे कागद स्कॅन करून घेतले, तिला ‘फॉरमॅटमध्ये गेले, परत घेऊन या’ असं सांगायची वेळ तुझ्यावर येऊ नये. आणि डिस्क कुणा अनोळखी दुरुस्तीवाल्याकडे ठेवूनही येऊ नकोस. त्यावर दुसऱ्यांची आधार कार्डं आहेत.

म्हणून क्रम असा ठेव. भिंतीचं बटण बंद कर, वायर काढ, मग डबा उघड. नवीन सेल बाजारात घड्याळवाल्याकडेही मिळेल; लिहिलेली बाजू वर ठेवून बसव. मशीन लावताच डिलीट किंवा एफ टू दाबत राहा, बायोस उघडेल. काही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून मला पाठव. तारीख-वेळ बरोबर कर, साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची ती पद्धत, एएचसीआयवर ठेव, सेव्ह करून बाहेर पड. विंडोज सुरू झालं की दुसरं काहीही करण्याआधी सी ड्राइव्हमध्ये ‘विंडोज.ओल्ड’ नावाचं फोल्डर शोध. डिस्क न पुसता नवीन विंडोज टाकलं तर जुन्या डेस्कटॉपवरच्या फायली त्यात जाऊन बसतात. ते कायम राहत नाही, जुन्या विंडोजवर परत जायची सोय दहाच दिवस असते आणि पुढे ते फोल्डर आपोआप साफही होतं. तेव्हा आजच सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घे. त्याच्याबरोबर जुने मराठी फॉन्टही घे. श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेले अर्ज त्या फॉन्टशिवाय उघडले की नुसती चिन्हांची गिचमीड दिसते आणि माणूस फाइल बिघडली असं समजून पुसून टाकतो.

सेल बदलूनही मशीन उठलं नाही, तर घाबरू नकोस. ते कुठे थांबतं तेवढं बघ आणि मला सांग. कंपनीचं नावसुद्धा दिसत नसेल, नुसतं पिप-पिप वाजत असेल, तर विंडोजपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. बहुधा रॅम. पावसाळ्याच्या दमट हवेत तिच्या सोनेरी कडा मळतात. काढून खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत बसवायची. कंपनीचं नाव येऊन मग ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं येत असेल, तर बायोसमधला लेगसी-यूईएफआयचा घोळ किंवा डिस्कची सैल वायर. विंडोजचं चिन्ह येऊन पडत असेल तर ड्रायव्हर किंवा डिस्क. लॉगिन करून मग पडत असेल तर सेफ मोडमध्ये जा आणि विंडोजनंतर टाकलेले प्रोग्राम एकेक काढ. दोन-तीनदा सुरुवात फसली की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं, सेफ मोडचा रस्ता तिथूनच आहे. त्याच पडद्यावर ‘रीसेट’ही असतं, त्याला हात लावू नकोस.

नवीन लॅपटॉपवाल्यांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहितो. त्यावर डिस्क बहुधा कुलूपबंद असते. बायोसमध्ये बदल केला तर मशीन 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून उतरवून कागदावर लिहून ठेवायची. ती नसेल तर फायली परत मिळत नाहीत, मग मामा असो की कुणी.

तू म्हणालीस, ‘मला हे जमत नाही, मी शिकलेली नाही.’ माई, 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा प्रोग्रामच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे 85 लाख विंडोज मशीन अशाच निळ्या पडद्यावर अडकली होती. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा कितीतरी मोठमोठ्या कंपन्यांची माणसं एकेका मशीनसमोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, ती एक फाइल हाताने पुसत होती. तू जे करणार आहेस ते यापेक्षा अवघड नाही.

पुढचाही विचार करून ठेव. तुझा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा आहे आणि टीपीएम 2.0 त्यात नाही, म्हणजे विंडोज अकरा त्यावर आडवाटेने बसवलेलं आहे. आज चालेल, पण पुढची अपडेट येतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. लिनक्स हा चांगला पर्याय आहे. आपल्या सी-डॅकचं बॉस लिनक्सही आहे. मात्र तुझं अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचा टोकन त्यावर चालतो का हे आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तपास. नाही चालला तर येत्या वर्षात जरा नवं, वापरलेलं का होईना, मशीन घेऊ. पैशांचं दाजींशी मी बोलतो.

सेल बसवलास की फोटो पाठव. मी दुपारनंतर मोकळा असतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा