चार बोटे वर

धर्मराजाचा रथ जमिनीला टेकत नसे, ही गोष्ट मी वर्गात पुष्कळदा सांगितली आहे. महाभारताच्या द्रोणपर्वात ती येते. युधिष्ठिराचा रथ भूमीपासून चार अंगुळे वर चाले. अश्वत्थाम्याच्या मृत्यूविषयी त्याने ते प्रसिद्ध अर्धसत्य उच्चारले आणि रथ भुईला लागला. पंचवीस वर्षे मराठी शिकवताना मी ही कथा एकाच अर्थाने वापरत आलो : सत्यवचनी माणसाची नैतिक उंची. ही उंची चारच अंगुळे का, हातभर किंवा ताडभर का नाही, हा प्रश्न मला कधी पडला नाही. तो पडण्यासाठी गेल्या हिवाळ्यात एका शेततळ्याच्या काठाने थर्मोकोलच्या लहानशा यानामागे धावावे लागले.

माझी मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तिने जो विषय घेतला तो ऐकून मला प्रथम काहीच बोध झाला नाही. पाण्याच्या पृष्ठाला जवळजवळ चिकटून, पण त्याला न लागता जाणारे, आणि कोणी दूरनियंत्रकाने न हाकता स्वतःची वाट स्वतः धरणारे यान. विमान म्हणावे तर ते उंच जात नाही, होडी म्हणावी तर ती पाण्यात नसते. मी आपला मराठीचा मास्तर. पहिली अडचण मला नावाचीच आली.

ती अडचण माझ्या वडिलांना आली नाही. अण्णांनी ओझरच्या विमान कारखान्यात सदतीस वर्षे पंखांच्या जोडणीचे काम केले. मिग-२१ विमाने बांधण्यासाठी १९६४ साली हा कारखाना उभा राहिला आणि अण्णा १९७२ मध्ये तिथे लागले. मीही तिथेच चिकटावे अशी त्यांची इच्छा होती. मी मराठी घेऊन बी.ए. केले. भांडण असे झाले नाही. मात्र त्यानंतर त्यांनी मला माझ्या कामाविषयी आणि मी त्यांना त्यांच्या कामाविषयी कधी काही विचारले नाही. पंचवटीतल्या त्याच घरात, एकाच पंगतीला जेवत, आम्ही ही गोष्ट तीस वर्षे पाळली. सप्टेंबर २०२५ मध्ये वायुदलाने शेवटच्या मिग-२१ला निरोप दिला तो सोहळा त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. मी शेजारीच बसलो होतो. काय बोलावे ते मला सुचले नाही.

नातीने विषय सांगितला तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘‘पाणकावळा बघितलास का गं कधी?’’ दुसऱ्या दिवशी पहाटे ते आम्हा दोघांना गोदावरीवर घेऊन गेले. रामकुंडापाशी ही गर्दी, त्यात सिंहस्थाची कामे चाललेली. म्हणून आम्ही घाटाघाटाने खाली, टाळकुटेश्वराच्या बाजूला गेलो. थोड्या वेळाने एक पाणकावळा आला. पाण्यापासून जेमतेम वीतभर उंचीवरून, पंख फारसे न हलवता, तो सरळ रेषेत निघून गेला. ‘‘दमलेला असला की तो असाच जातो,’’ अण्णा म्हणाले. ‘‘खालची हवा त्याला धरते.’’

त्यांचे हे वाक्य वैमानिकशास्त्राच्या पुस्तकातल्या एका पानाएवढे आहे, हे मुलीने नंतर समजावून सांगितले. पंख उचल निर्माण करतो तेव्हा त्याच्या टोकांपाशी हवेचे भोवरे सुटतात आणि ते त्याला मागे ओढतात. उंचीचा ही किंमत प्रत्येक उडणाऱ्याला मोजावी लागते. पण जमीन किंवा पाणी अगदी जवळ असले की भोवऱ्यांना पसरायला जागा उरत नाही, आणि पंखाखाली हवा कोंडून तिची गादी तयार होते. पंखांच्या एकूण लांबीच्या दशांशाइतक्या उंचीवर ही ओढ जवळजवळ निम्म्यावर येते. त्या लांबीइतके वर गेले की फायदा संपलाच. आमच्या यानाच्या पंखांची लांबी ठरली साठ सेंटिमीटर. म्हणजे त्याची जागा पाण्यापासून सहा सेंटिमीटरवर. अण्णांनी आपला पंजा आडवा धरून दाखवला : चार बोटे.

या जातीची याने जगाने पाहिली आहेत. फिनलंडमध्ये तोइव्हो कारिओने १९३५ साली असा प्रयोग केला. सर्वांत भव्य प्रयत्न सोव्हिएत संघात झाला. रोस्तिस्लाव्ह अलेक्सेयेव्ह या जहाजबांधणीतल्या अभियंत्याने बांधलेले, सुमारे ९२ मीटर लांबीचे यान १९६६ मध्ये कॅस्पियन समुद्रावर धावले. अमेरिकेच्या हेर-उपग्रहांनी त्याची छायाचित्रे घेतली आणि त्याच्यावरच्या ‘के-एम’ या दोन अक्षरांवरून त्याला ‘कॅस्पियनचा राक्षस’ असे नाव पडले. मुलगी हे मोबाइलवर वाचून दाखवत असताना अण्णांनी तिला थांबवले. रशियन आराखड्यांवरची अक्षरे वाचण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. ‘‘राक्षस नाही. माकेत म्हणजे नमुना. कोराब्ल-माकेत. नमुन्याचं जहाज.’’ आणि खरोखरच त्या अक्षरांचा अर्थ तेवढाच होता. एका बाजूने ‘हा नमुना आहे’ असे नम्रपणे लिहिले होते. दुसऱ्या बाजूने त्यात राक्षस वाचला. साहित्याच्या अभ्यासकाला अर्थनिर्णयाचे याहून चांगले उदाहरण कुठे मिळणार? मी ते लगेच टिपून घेतले. अण्णांनी विचारले, ‘‘काय लिहिलंस?’’ त्यांनी माझ्या लिहिण्याविषयी विचारलेला, मला आठवणारा हा पहिला प्रश्न.

त्यातूनच मला काम मिळाले. अण्णांचा हात आता कापतो. थर्मोकोल कापण्याची तापलेली तार मुलीने धरायची, अण्णांनी डोळ्यांनी रेषा राखायची, आणि प्रत्येक चाचणीची नोंद वहीत मी करायची, तीही मराठीत. ‘‘तुझं मराठी आहे ना, मग लिही,’’ ते म्हणाले.

ही वही मला वाटली त्यापेक्षा फार अवघड गेली. मराठीत उडण्याविषयीचे शब्द कमी नाहीत : भरारी, झेप, उड्डाण, विहार, गगनाला गवसणी. मात्र यान पाण्यावर नेमके काय करते आहे ते सांगायची वेळ आली की यांतला एकही कामाला येईना. अण्णांच्या तोंडी मात्र शब्द तयार असत. यान ‘नाक उचलतं’, ‘शेपटीवर बसतं’, ‘थापटतं’, ‘धरतं’, ‘सोडतं’. नाक उचलणे हा तर या जातीचा जन्मजात रोगच आहे. पृष्ठाजवळ असताना उचलीचा मध्य पंखाच्या मागल्या बाजूस असतो. यान जरा वर गेले की तो पुढे सरकतो, नाक आणखी वर जाते आणि यान मागल्या मागे उलटते. त्यासाठी शेपटीचा आडवा पंख मोठा, आणि खालच्या कोंडलेल्या हवेपासून दूर, उंचावर बसवावा लागतो. पहिल्या चार चाचण्यांत आमचे यान तीनदा उलटले. वहीत मी एकदा ‘यानाने आकाशाकडे झेप घेण्याचा प्रयत्न केला’ असे लिहिले. अण्णांनी ते वाचून नुसतेच माझ्याकडे पाहिले. मी खोडून ‘नाक उचलले, उलटले’ असे लिहिले.

चाचण्या दिंडोरीकडच्या एका परिचित द्राक्ष बागाईतदाराच्या शेततळ्यावर होत. तळे मोठे, नव्वद मीटर लांब. अशा तळ्यांचा प्लास्टिकचा उतार फार निसरडा असतो. एकदा माणूस आत गेला की त्याला वर येता येत नाही. म्हणून पाण्यात कोणी उतरायचे नाही, यान दोरीने ओढून घ्यायचे, आणि हवा भरलेली ट्यूब काठावर तयार ठेवायची, हा अण्णांचा पहिला नियम. यानाचे वजन २४० ग्रॅम राखले होते. २०२१च्या ड्रोन नियमांतला सर्वांत लहान गट २५० ग्रॅमपर्यंतचा आहे.

स्वतःची वाट धरणे म्हणजे या यानाच्या बाबतीत आधी स्वतःची उंची ओळखणे. उपग्रहांवरून जागा कळते, पण तिच्यात दोन-तीन मीटरची चूक सहज असते. तिथे सहा सेंटिमीटरची काय कथा? हवेच्या दाबावरून उंची सांगणारे उपकरणही इतके बारीक मोजू शकत नाही. राहिला ध्वनी : खाली नाद सोडायचा आणि प्रतिध्वनी परत येण्याचा वेळ मोजायचा, वटवाघळासारखा. पाण्याचे काम म्हणून आम्ही मुद्दाम जलरोधक सेन्सर आणला. तो बसवल्यावर कळले की वीस सेंटिमीटरच्या आतले त्याला काही दिसतच नाही. जिथे आम्हाला जायचे होते तिथेच नेमका तो आंधळा! मग साधा, दोन डोळ्यांचा स्वस्त सेन्सर लावला. तो सेकंदाला वीस वेळा उंची सांगे. यानाचा वेग सेकंदाला सहा मीटर. म्हणजे दोन मोजण्यांच्या मध्ये ते फूटभर पुढे गेलेले असे. तेवढ्या अंतरात एक लाट पुरते.

वळणाचा प्रश्न आणखी वेगळा. विमान वळताना कलते. चार बोटांवरच्या यानाला कलण्याची मुभा नाही. कलले की पंखाचे टोक पाण्यात. शेवटी मुलीने असे ठरवले की पलीकडचा काठ दहा मीटरवर आला की यानाने स्वतःच मोटर मंद करून पाण्यावर बसावे, होडीसारखे वळावे आणि पुन्हा निघावे. वळायचे असेल तर आधी खाली उतरायचे.

सातव्या चाचणीला ते घडले, निदान आम्हाला तसे वाटले. यान सुटले, पाण्यावर थापटले आणि मग आवाजच बदलला. पाण्याची खळखळ थांबून नुसता मोटरचा नाद राहिला. सावली यानापासून सुटी झालेली मी डोळ्यांनी पाहिली. मुलगी ओरडली. मीही ओरडलो असेन. त्याच भरात मी वहीत लिहिले : ‘यानाने पाण्यावरून चाळीस मीटर उड्डाण केले.’

रात्री अण्णांनी मोबाइलवरचे चित्रण सावकाश, पुन्हा पुन्हा पाहिले. मग भिंग काढून ठेवले. ‘‘दोनदा पाण्याला लागलंय.’’

मुलीचा चेहरा उतरला. प्रकल्प दाखवायला आठ दिवस उरले होते. मी म्हणालो, ‘‘अण्णा, जरा लागलं असेल. पण एकूण उडालंच की.’’

‘‘एकूण म्हणजे किती?’’

मी गप्प राहिलो.

‘‘पंखात एक रिवेट राहिली, तर कार्डावर ‘एकूण बसवल्या’ असं लिहायचं का? त्या विमानात माणूस बसतो.’’

ते आवाज चढवून बोलले नव्हते. तरी मला तो प्रश्न लागला, कारण माझ्या सगळ्या वाक्यांत ते ‘एकूण’ दडलेले असते हे मला ठाऊक होते. आपल्याकडे उड्डाणाच्या कथा कशा टिकतात हेही त्या रात्री आठवले. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या उड्डाणाची समकालीन, तपासता येईल अशी नोंद मात्र नाही. आणि ज्या ‘वैमानिक शास्त्रा’शी त्यांचे नाव जोडले जाते त्यातली विमाने उडू शकणारी नाहीत, असा निर्वाळा बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये दिला. तळपदे यांनी काहीतरी धडपड केली असेल. त्या धडपडीचा एखादा खरा आकडा उरला असता, चार फूट का होईना, तर आज आपल्या हाती दंतकथेपेक्षा मोलाचे काही असते.

तिघांनी बसून चित्रण पुन्हा मोजले. काठावरच्या खुंट्यांचा हिशेब धरला. मग मी ओळ खोडली आणि खाली लिहिले : ‘पाण्याला न लागता सलग अकरा मीटर. पुढे दोनदा स्पर्श.’ चाळीसातून अकरा उरले. मुलगी थोडा वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली; मग म्हणाली, ‘‘अकरा तर अकरा. पण मग हे अकरा कुठे संपतात ते कळलं. तिथे लाट होती. सेन्सरला दोन मोजण्यांत ती सापडली नाही.’’ ‘चाळीस’ या आकड्यातून हे तिला कधीच कळले नसते.

तेव्हा मला धर्मराजाच्या रथाची चार अंगुळे समजली, असे वाटते. ताडभर उंचीवरून जाणारा चार बोटे खाली आला तर ते कोणाच्याही, त्याच्या स्वतःच्याही, ध्यानात येणार नाही. जमिनीपासून चारच बोटे वर असणाऱ्याची तेवढी चूक मात्र त्याच क्षणी उमटते. पाण्यावर रेघ उठते. महाभारतकाराने ती उंची इतकी कमी ठेवली ती सत्याचे मोल कमी म्हणून नसावी. खोटे पडल्याचे लगेच कळावे म्हणून ठेवली असावी. हा अर्थ मूळ संहितेत आहे असा दावा मी करणार नाही. अण्णांनी विचारले असते, कुठल्या ओळीत?

यानाने पुढे बाराव्या चाचणीत सलग सव्वीस मीटर अंतर काटले, पाण्यावर बसले, आणि स्वतःहून वळलेही. परतीच्या वाटेवर मात्र ते एकदाही पाणी सोडू शकले नाही. वहीत दोन्ही गोष्टी आहेत. परीक्षकांनी सव्वीस ऐकून फार काही आश्चर्य दाखवले नाही, असे मुलगी सांगते.

वहीच्या मुखपृष्ठावर यानाचे नाव घालायचे राहिले होते. आमच्या शेजाऱ्यांनी कौतुकाने ‘पुष्पक’ सुचवले. अण्णा म्हणाले, या पंचवटीतून वर गेलेला एकच रथ सगळ्यांना माहीत आहे, आणि तो रावणाचा होता. तसलं काही नको. मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मी बराच वेळ विचार करून, अक्षर शक्य तितके नीट काढून लिहिले : ‘नमुना’. त्यांनी ते वाचले आणि वही मिटून कपाटात, आपल्या जुन्या आराखड्यांशेजारी ठेवली.