वाळूतील गाव

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा आठवीतील एका मुलाने मला विचारले, "सर, तुम्ही भुतांचे गाव पाहून आलात म्हणे! भूत दिसले का?" सारा वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर दिले नाही. ते उत्तर आज तुम्हांला सांगतो.

ही २०२३ सालची गोष्ट आहे. गणिताचे सर, चित्रकलेचे सर, पी.टी.चे सर आणि मी असे चौघे सोलापूरहून निघालो. लॉजचा खर्च आम्हांला परवडणारा नव्हता. म्हणून ओळखीच्या ड्रायव्हरचाचांची जुनी ट्रॅक्स ठरवली. मागची बाके काढून तेथे गाद्या टाकल्या. एक छोटा स्टोव्ह, तांदूळ, मसूर डाळ आणि पाण्याचे दोन कॅन घेतले. परदेशात लोक चाकांवरचे घर घेऊन गावोगाव हिंडतात. आमचेही घर चाकांवरचेच होते. फक्त त्याचे छप्पर गळत होते!

तिसऱ्या दिवशी आम्ही पांबनच्या पुलावर पोहोचलो. या पुलावरून रामेश्वर बेटावर जाता येते. शेजारीच १९१४ साली सुरू झालेला रेल्वेचा जुना पूल दिसत होता. तो आता थकला होता. त्याच्याजवळ नव्या पुलाचे काम चालले होते. तो नवा पूल २०२५ साली सुरू झाला.

बेटाच्या टोकाकडे धनुष्कोडी नावाचे गाव आहे. एके काळी मद्रासहून आगगाडी थेट येथे येई. प्रवासी गाडीतून उतरत, बोटीत बसत आणि समुद्र ओलांडून श्रीलंकेला जात. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम रामेश्वरचे, हे तुम्हांला माहीत आहेच. त्यांच्या वडिलांनी यात्रेकरूंना धनुष्कोडीला नेण्यासाठी लाकडी नाव बांधली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरला गाडी थांबेनाशी झाली. मग धावत्या गाडीतून वर्तमानपत्रांचे गठ्ठे बाहेर टाकले जात. ते गोळा करण्याच्या कामात लहानगे कलाम आपल्या चुलतभावाला मदत करीत. ती गाडी याच गावाकडे जात असे.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री भयंकर चक्रीवादळ आले. पांबनहून निघालेली आगगाडी धनुष्कोडीजवळ आली, पण सिग्नल मिळेना. ड्रायव्हरने थोडा वेळ वाट पाहिली आणि अंधारात गाडी पुढे नेली, असे सांगतात. समुद्राच्या लाटांनी सारी गाडी गिळून टाकली. शंभराहून अधिक प्रवासी होते. एकही वाचला नाही. गावही वाहून गेले. पुढे सरकारने ही जागा राहण्यास अयोग्य ठरवली.

पी.टी.चे सर म्हणाले, "गाडीतून पाहणे म्हणजे न पाहणे. चला, चालू या." आम्ही वाळूतून निघालो. डांबरी रस्ता जवळच होता, पण सरांपुढे कोणाचे चालते? दोन्ही बाजूंना पाणी होते. आभाळ भरून आले होते. वाळूत पाय रुतत होते. गणिताचे सर दर शंभर पावलांनी थांबून उरलेले अंतर काढीत आणि ते प्रत्येक वेळी निराळे येई.

अखेर गाव दिसले. एक छप्पर नसलेले चर्च, रेल्वे स्टेशनच्या पडक्या भिंती, पाण्याची टाकी. चर्चच्या भिंती प्रवाळाच्या दगडांच्या आहेत. त्या दगडांना मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे आहेत. चित्रकलेचे सर तेथेच बसून चित्र काढू लागले. खाली पडलेला एक तुकडा मी उचलला आणि खिशात टाकला. वर्गात तुम्हांला दाखवावा, असे मनात होते.

तेथे एक दहा-बारा वर्षांचा मुलगा शंखांच्या माळा विकत होता. प्रवाशांमुळे त्याला थोडी हिंदी येत होती. पी.टी.च्या सरांनी थट्टेने विचारले, "क्यों बेटा, इधर भूत है क्या?"

तो हसला नाही. त्याने झावळ्यांच्या झोपड्यांकडे बोट दाखवले. "भूत नहीं. घर. मेरा घर," तो म्हणाला.

सर गप्प झाले. आम्ही सारेच गप्प झालो. तेथे कोळी कुटुंबे राहतात, हे आम्ही येताना पाहिले होते. जाळी वाळत होती, चुली पेटल्या होत्या. तरी आम्ही भुतांचेच गाव पाहत होतो! मुलाची नजर माझ्या फुगलेल्या खिशाकडे गेली. तो काही बोलला नाही. मी दगड काढून भिंतीपाशी ठेवला. मुलांनो, खरे सांगतो, तो मुलगा तेथे नसता तर दगड आज या टेबलावर असता.

मग तो आम्हांला झोपड्यांमागे घेऊन गेला. त्याची आई वाळूतल्या खड्ड्यातून करवंटीने पाणी काढून घागर भरत होती. तिने आम्हांला पाणी दिले. चहूकडे खारा समुद्र, आणि हे पाणी गोड! गणिताच्या सरांनी पैसे पुढे केले. तिने हात हलवून नको म्हटले. मग आम्ही मुलाकडून चार माळा घेतल्या. त्यांची किंमत मात्र त्याने एक पैसाही कमी केली नाही.

संध्याकाळनंतर तेथे थांबू देत नाहीत. आम्ही रामेश्वरला परतलो आणि गाडी उभी करून आत झोपलो. मध्यरात्री वारा सुटला. पाऊस कोसळू लागला. गाडी पाळण्यासारखी हलत होती, छतातून पाणी गादीवर टपकत होते. कोणालाच झोप येईना. बंद गाडीत, अंधारात, बाहेर समुद्राचा आवाज. त्या आगगाडीतील माणसांनीही असाच आवाज ऐकला असेल. हे मी बोललो नाही, पण चाचा उठून बसले. "मास्टरसाहेब, त्या गाडीत लहान मुलेही असतील, नाही का?" त्यांनी विचारले. मग त्यांनी हात उचलून दुआ मागितली.

मला झोपड्यांमधला तो मुलगा आठवला. आमच्या डोक्यावर निदान पत्रा होता.

पहाटे पाऊस थांबला. चाचांनी स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला.