दहा मीटरवरचं सेनगाव

गेल्या रविवारी मी एका नेमबाजी स्पर्धेत तिसरा आलो.

आता तिसरा नंबर, तोही एका क्लबाने भरवलेल्या हौशी लोकांच्या स्पर्धेत, यात लिहिण्यासारखं ते काय, असं वाटेल. पण मंडळी, शाळेत खेळाच्या तासाला मला कायम स्कोअर लिहायला बसवायचे. कॉलेजात कॅरमच्या पहिल्या फेरीत हरण्याची माझी चार वर्षांची अखंड परंपरा आहे. तेव्हा हा आनंद थोडा ऐकून घ्याच.

हा नाद लागला तो १ ऑगस्ट २०२४ ला. त्या दिवशी दुपारी आमच्या हापिसात एक रिलीज अडकलं होतं आणि अर्धी टीम कोपऱ्यातल्या एका मॉनिटरभोवती उभी होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, मध्य रेल्वेतला नोकरदार, पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनची फायनल खेळत होता. पात्रता फेरीत तो सातवा होता. फायनलमध्येही आधी मागेच. मग गुडघ्यावर, पालथं झोपून आणि शेवटी उभं राहून एकेक शॉट मारत तो वर सरकत गेला आणि ४५१.४ गुणांवर ब्राँझ. खाशाबा जाधवांनंतर, म्हणजे १९५२ नंतर, महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याचे वडील शिक्षक, हे दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. माझेही वडील शिक्षक. एवढंच साम्य घेऊन मी पुढच्या महिन्यात हापिसापासून जवळच्या एका क्लबात नाव नोंदवलं!

थ्री पोझिशनची रायफल वगैरे आपल्या आवाक्यातली गोष्ट नाही. मी निवडलं १० मीटर एअर पिस्तूल. टेक्सासमधल्या आमच्या क्लायंटच्या एका माणसाला हे सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे एका जागी उभं राहूनच? त्यांच्याकडे 'प्रॅक्टिकल शूटिंग' असतं. खरं पिस्तूल, पळत जायचं, आडोशामागून मारायचं, आणि मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद. सॉफ्टवेअरवाल्याला शोभेल असा फॉर्म्युला आहे खरा. पण आपल्याकडे साध्या माणसाने पिस्तुलाच्या लायसन्सच्या मागे लागणं म्हणजे वेगळाच क्रीडाप्रकार. छऱ्याची एअर पिस्तूल बरी. एका हाताने धरायची, दुसरा हात खिशात, समोर कागदावर साडेअकरा मिलिमीटरचं दहा गुणांचं वर्तुळ.

नऊ महिने दर शनिवारी-रविवारी जायचो. चाळीस शॉटमध्ये चारशेपैकी सगळ्यात चांगला स्कोअर ३४१. कोच सभ्य माणूस आहे, तो म्हणायचा, "येईल, येईल."

आणि मग जूनमध्ये एका सकाळी आईचा फोन आला. अण्णांचा उजवा हात उचलत नाहीये आणि जीभ जड झालीये. मी पुण्यातून निघेपर्यंत शेजारच्यांनी त्यांना गाडीत घालून नांदेड गाठलं होतं. पुढचे दहा दिवस मी इथे लिहीत नाही. जीव वाचला, चालता येऊ लागलं, उजवा हात मात्र परक्याचा असल्यासारखा अंगाला लटकत होता. एकतीस वर्षं फळ्यावर गणितं सोडवलेला हात.

मॅनेजरने दोन महिने घरून काम करायला परवानगी दिली. (या माणसाबद्दल पूर्वी जे काही बोललो असेन ते मागे घेतो.) सेनगावात रेंज मिळवायला गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात बसावं लागतं, पाऊस आला की लॅपटॉप पोटाशी धरून खाली पळायचं. खाली ओसरीवर अण्णा खुर्चीत, समोरच्या भिंतीकडे बघत.

फिजिओथेरपिस्टने व्यायाम सोपा दिला होता. हात खांद्याच्या उंचीपर्यंत समोर उचलायचा, जमेल तितकं धरायचं, खाली. पुन्हा. अण्णा करायचेच नाहीत. तिसऱ्या दिवशी मी जास्त मागे लागलो तर म्हणाले, "हात वर कर, हात खाली कर. मी काय पहिलीतला पोरगा हाव का?"

त्या संध्याकाळी मी लिटरभर पाण्याची बाटली घेतली, तिच्या मानेला रबराने कपड्यांचा चिमटा बांधला आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो. क्लबातलं पिस्तूल अंदाजे तेवढ्याच वजनाचं. हात समोर, मुठीवर आलेल्या निळ्या टोपणावर नजर, चिमटा हळूहळू दाबत न्यायचा.

"हे काय करायलास?"

"प्रॅक्टिस. तुम्ही आकडे मोजा."

मास्तराला कुणी मोज म्हटलं की तो मोजणारच. जड जिभेने, एकेक आकडा ओढत, एऽक... दोऽन... आणि पाचव्या-सहाव्या दिवशी मोजता मोजता त्यांचा हातही उचलला गेला. तीन आकडे टिकला. दुसऱ्या दिवशीही तीन. आठवडाभर तीनच. एका दिवशी दोन, आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मग हे रोजचंच झालं. लाईट गेली की संध्याकाळी आम्ही दोघं ओसरीवर भिंतीकडे हात करून. येणारे-जाणारे बघायचे. भेटायला आलेल्या एका काकांनी आईला हळूच विचारलं, "पोराला पण काही झालंय का?"

आठवड्या-दोन आठवड्यांत अण्णांना माझ्यातल्या चुका दिसायला लागल्या. "तू श्वास लय वेळ धरायलास. तवाच हात हलतो." हे कोचने मला नऊ महिन्यांत पन्नासदा सांगितलं असेल. पण समोर कोणी नाही, टार्गेट नाही, स्कोअर नाही, नुसती चुन्याची भिंत. तिथे ते पहिल्यांदा हाताला कळलं.

एका गोष्टीवरून मात्र भांडण झालं. मी सांगितलं की नेम धरताना टार्गेटकडे बघायचं नसतं. नजर पिस्तुलाच्या पुढच्या साईटवर, ती स्वच्छ दिसली पाहिजे, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. अण्णांना हा सरळसरळ मूर्खपणा वाटला. फळ्यावर लांब रेघ ओढायची तर जिथे जायचंय तिथे बघायचं असतं, खडूकडे नाही! मग मी वही आणली. पिस्तुलाच्या मागच्या आणि पुढच्या साईटमध्ये समजा ३३ सेंटीमीटर अंतर. टार्गेट १० मीटरवर. आख्खा हात एक मिलिमीटर सरकला तर छराही तिथे एकच मिलिमीटर सरकतो, दहाचे दहाच राहतात. पण पुढची साईट मागचीच्या मानाने एक मिलिमीटर तिरकी झाली तर?

अण्णांनी वही ओढून घेतली. डाव्या हाताने, वेड्यावाकड्या रेघांनी दोन त्रिकोण काढले. समरूप त्रिकोण, नववीचं पोर्शन. भागाकार केला आणि म्हणाले, "तीस मिलिमीटर."

"म्हणजे दहाचे थेट सात."

"म्हणजे हात हलला तर हलू दे. मनगट वाकडं नको."

आजारानंतर त्यांनी वही-पेन हातात धरायची ही पहिली वेळ. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही, चहा ठेवायला आत गेली.

अजून एक गंमत. अण्णांच्या गोळ्यांचे खण मीच भरायचो. त्यातली रक्तदाबाची एक गोळी बीटा ब्लॉकर होती. नाव ओळखीचं वाटलं म्हणून शोधलं, तर नेमबाजीत ती बंदी असलेल्या औषधांत मोडते! हृदयाचे ठोके मंदावतात, हाताचा कंप कमी होतो, म्हणून. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची पिस्तुलातली दोन पदकं याच जातीच्या औषधापायी गेली. हे अण्णांना सांगितल्यावर ते आजारपणात पहिल्यांदा मोठ्याने हसले. "म्हंजे मला भाग घेता येणार नाही."

ऑगस्टअखेर मी पुण्यात परत आलो. तोवर त्यांचे आकडे बारावर गेले होते. बाराव्याला हात पानासारखा थरथरायचा, पण असायचा वर. माझ्या हातून दोन महिन्यांत एकही छरा सुटला नव्हता. स्पर्धेची फी आधीच भरली होती, म्हणून गेलो. खरं तर दोनशे रुपये वाया जाऊ नयेत हाच मुख्य हेतू.

चाळीस शॉट, पन्नास मिनिटं. माझ्या डावीकडच्या लेनला दोन वेण्या घातलेली, नववीतली एक मुलगी. पहिल्या दहा शॉटचे माझे झाले ८८. मला वाटलं मोजण्यात चूक आहे. पुढच्या दहाचे ९०. आता मात्र मला कळलं की आज काहीतरी वेगळं चाललंय, आणि तेच वाईट झालं. छातीत धडधड सुरू. हात उचलला, खाली घेतला. उचलला, खाली घेतला. चौथ्यांदा उचलला तेव्हा पुढची साईट पावसातल्या वायपरसारखी डोलत होती. पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसलो. घड्याळ चालू. शेजारची मुलगी आपली शांतपणे दहा, दहा, नऊ, दहा.

मला त्या क्षणी सेनगाव आठवलं वगैरे लिहिलं तर ते फार सिनेमातलं होईल. झालं एवढंच की उठून हात उचलला आणि डोक्यात आपोआप मोजणी सुरू झाली, त्या जड जिभेच्या चालीत. एऽक... दोऽन... इतकी संथ की घाई करायला जागाच नाही. सहा-सातच्या आसपास शॉट सुटायचा, कधी सुटला ते मलाही कळायचं नाही. नवाच्या पुढे गेला तर हात खाली. तिसऱ्या दहाचे ९२, चौथ्या दहाचे ९३. बेरीज ३६३.

पहिली आली ती वेण्यावाली, ३८१. तिने माझं अभिनंदन केलं आणि "काका" म्हणाली. :)

कोच म्हणाला, दोन महिने कुठल्या क्लबात सराव केलास? मी म्हटलं, घरी, बाटलीवर. त्याला मी चेष्टा करतोय असं वाटलं असावं.

बाहेर पार्किंगमध्ये येऊन घरी फोन लावला. आईने स्पीकर चालू करून फोन अण्णांपुढे धरला. मी सगळं सांगितलं. ८८, ९०, ९२, ९३. तिकडे शांतता. मग कागदाचा आवाज, काहीतरी खाली पडल्याचा आवाज, आई म्हणतेय, "डाव्यानं धरा ना," आणि अण्णा, "थांब गं."

बराच वेळ गेला. मी फोन कानाला लावून बाइकवर बसून होतो.

"नव्वद पूर्णांक पंचाहत्तर टक्के," अण्णा म्हणाले. "सदतीस कुठं गेले?"