वीतभर अंतर



आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही आणि पर्युषणाचाही नाही, मैदानावरचा आहे. पण तो शेवटी आपल्या घरातच येऊन थांबतो, म्हणून लिहिते आहे.

आमची नात नववीत आहे आणि शंभर मीटर पळते. मागच्या वर्षी तालुक्याला पहिली आली, तेव्हा आम्ही सगळ्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. आता दहावी तोंडावर आली आहे आणि पेढे वाटणारं तेच घर विचारतंय, "अजून किती दिवस पळायचं?" सूनबाईंना मार्कांची काळजी. मुलाची चाकणच्या कंपनीत शिफ्टची नोकरी, त्यामुळे नेणं-आणणं त्याला जमत नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं, हौस झाली, मेडल मिळालं, आता पुरे. निर्णय व्हायचा आहे. माझं मत मात्र पक्कं झालंय, आणि ते कसं झालं ते सांगते.

मी पडले बी.कॉम.ची. कुठल्याही गोष्टीचे आकडे मांडल्याशिवाय मला ती कळत नाही. म्हणून आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन मुलींचा हिशेब मांडला.

पहिली पुण्याची अवंतिका नरळे. मार्च २०१९ मध्ये हाँगकाँगला आशियाई युवा स्पर्धा झाली, अठरा वर्षांखालच्यांची. तिथे शंभर मीटरमध्ये तिने ११.९७ सेकंदांत सुवर्णपदक मिळवलं. आपल्या शेजारच्या शहरातली शाळकरी मुलगी सगळ्या आशियात पहिली आली, आणि आपल्यापैकी किती जणींना तिचं नाव माहीत आहे?

दुसरी साताऱ्याची सुदेष्णा शिवणकर. जून २०२२ मध्ये हरियाणात पंचकुलाला खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या. तिथे तिने शंभर मीटर, दोनशे मीटर आणि चौघींची रिले अशी तीन सुवर्णपदकं घेतली. शंभर मीटरची वेळ होती ११.७९ सेकंद. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये डेहराडूनला अडतिसाव्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिने शंभर मीटरचं सुवर्ण जिंकलं. वेळ ११.७६ सेकंद.

आता हे दोन आकडे एकाखाली एक लिहून वजाबाकी करा. ११.७९ मधून ११.७६ गेले, उरले ०.०३. सेकंदाचे शंभर भाग केले तर त्यातले तीन. त्या वेगाने पळणारी मुलगी तेवढ्या वेळात साधारण पंचवीस सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे आपली वीतभर. या दोन सुवर्णपदकांच्या मध्ये बत्तीस महिने गेले, आणि घड्याळात फरक दिसतो तो एका वितीचा.

नुसतं खातं बघणारा म्हणेल, एवढ्या दिवसांत एवढंच? पण खात्याच्या डाव्या बाजूला काय आहे तेही बघायला हवं. पंचकुलाला तिच्याबरोबर अठराच्या आतल्या मुली होत्या. डेहराडूनला वयाची ती अट नव्हती. देशभरातल्या मोठ्या, मुरलेल्या धावपटू त्याच रेषेवर उभ्या होत्या. लहान गटातून मोठ्या गटात जाताना पुष्कळ मुली मध्येच दिसेनाशा होतात. शाळेत पहिल्या येणाऱ्या किती तरी असतात, मोठ्या गटात टिकणाऱ्या थोड्या. त्या थोड्यांत राहण्यासाठी हे बत्तीस महिने लागतात, आणि त्यात पेढे वाटायचे दिवस फारच कमी असतात. बाकी सगळे सरावाचे.

या शर्यतीत चुकीला जागाच नाही. नात मला समजावून सांगत होती. बंदुकीचा आवाज झाल्यावर एक दशांश सेकंदाच्या आत कुणी हललं तरी ती चूक धरतात, कारण माणसाचं शरीर इतक्या लवकर आवाज ऐकून हलूच शकत नाही, म्हणजे ती आधीच निघाली होती. पाठीमागून वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वेगाने वाहत असेल तर ती वेळ विक्रमात धरत नाहीत. आपण तूप कढवताना नजर हटवत नाही ना, तसं या मुली बारा सेकंदांसाठी वर्षानुवर्षं नजर हटवत नाहीत.

मुलींचं धावणं हे आजचं फॅडही नाही. १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या, तेव्हा मुंबईच्या रोशन मिस्त्रीने शंभर मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं. वांद्र्याची मेरी डिसोझा त्याच स्पर्धेत दोनशे मीटरमध्ये तिसरी आली आणि पुढच्या वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये धावली. म्हणजे माझा जन्म व्हायच्याही आधी.

आमच्या ह्यांचा आणखी एक मुद्दा असतो: "पुढे लग्न, मूलबाळ झालं की सुटणारच आहे, मग एवढी धडपड कशाला?" त्यावर मी त्यांना पोलंडच्या इरेनाची गोष्ट सांगितली. १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ती अठरा वर्षांची होती. रिलेचं सुवर्ण, दोनशे मीटर आणि लांब उडीत रौप्य, अशी तीन पदकं घेऊन ती घरी गेली. नंतर लग्न झालं, इरेना शेविन्स्का झाली. १९७० मध्ये मुलगा झाला. १९७२ मध्ये पुन्हा ऑलिंपिक पदक. आणि १९७६ मध्ये, तीस वर्षांची आई असताना, चारशे मीटरमध्ये विश्वविक्रमासह सुवर्ण. एकूण सात ऑलिंपिक पदकं. हे ऐकून ह्यांनी चष्मा पुसला आणि पेपर उघडला. आमच्या घरात त्याला निम्मा होकार म्हणतात.

आता आपल्या घरच्या खऱ्या अडचणी, कारण त्या बोलल्याशिवाय हे सगळं हवेतलं बोलणं होईल.

पहिली अडचण रस्त्याची. आमच्या कुरुळीत पुणे-नाशिक महामार्गावर कंटेनर आणि कंपनीच्या बसेसची रांग असते. संध्याकाळी तिथून मुलीने एकटीने यावं हे मलाही पटत नाही. दुसरी अडचण चौविहाराची. शाळा सुटून सराव संपेपर्यंत हिवाळ्यात सूर्य मावळलेला असतो, आणि एवढी दमलेली पोर उपाशी झोपावी असं कुठल्या आजीला वाटेल? तिसरी अडचण खाण्याची. अंडी खा, असं कुणी ना कुणी सुचवतंच.

मी त्यावर माझ्यापुरती मांडणी केली आहे. सराव पहाटे. मी तशीही सामायिकासाठी लवकर उठते, आता अर्धा तास आणखी लवकर. ह्यांचं रोजचं फिरणं तिच्या सरावाच्या मैदानाभोवतीच होईल, म्हणजे सोबतही झाली. परत आल्यावर दूध, मुगाचं धिरडं, पनीर, शेंगदाण्याची चिक्की. डब्यात डाळ रोज, उसळ रोज. संध्याकाळचं जेवण सूर्य असताना, आणि मग अभ्यास. सूनबाईंना सांगितलं, दहावीच्या परीक्षेआधी दोन महिने सराव निम्मा करू, पण बंद करायचा नाही.

कारण मला त्या वजाबाकीतून एवढंच कळलं. मेडल आणणं मुलीच्या पायांत असतं, पण मेडलनंतरची कोरडी वर्षं घराच्या हातात असतात. त्या वर्षांत घराने कंटाळा केला की वीतभर अंतर कधीच कापलं जात नाही. आपली नात राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाईलच असं मी मुळीच म्हणत नाही. पण ती थांबली तर तिने स्वतः ठरवून थांबावं, आम्हाला पहाटे उठायचा कंटाळा आला म्हणून नव्हे.

रविवारी मुलाला सुट्टी आहे, तेव्हा सगळे बसून ठरवणार आहोत. मी हा हिशेब वहीत लिहून ठेवलाय, तो समोर ठेवेन. तुमच्याही घरात पळणारी, पोहणारी, खेळणारी मुलगी असेल. तिच्यासाठी सकाळचा अर्धा तास कुणाच्या वाट्यातून निघेल, ते एकदा घरात बसून बघा.