हळू गाणारी माणसे

परवा रात्री मी एक गाणे लावून बसलो होतो. दोन-तीन मिनिटे झाली असतील नसतील, तोच सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "अहो, ते यंत्र बिघडले वाटते, किती रेंगाळते आहे पाहा!"

यंत्र बिघडले नव्हते. ‘लो’ या अमेरिकन त्रिकुटाची चालच तशी होती.

सुपीरिअर सरोवराच्या काठी डुलुथ नावाचे शहर आहे. तेथे १९९३ साली अ‍ॅलन स्पारहॉक व मिमी पार्कर या दाम्पत्याने एका बासवादकाला सोबत घेऊन हे त्रिकूट उभारले. तो काळ कर्कश गिटारींचा. अशा वेळी अगदी हळू वाजविले तर श्रोते काय करतील, ही गंमत पाहावी म्हणून त्यांनी लय मंद केली. आणि गमतीने धरलेली वाट जन्माची झाली. पार्करबाई उभ्यानेच, दोन-तीन मोजक्या तालवाद्यांवर, पुष्कळदा ब्रशने ठेका धरीत. श्रोते गप्पा मारू लागले, तर ही मंडळी आवाज चढविण्याऐवजी आणखी उतरवीत! शब्दाला शब्द लागताच आवाज चढविणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून थोडी लाजच वाटली.

विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला ठाऊक असते, की लय मंदावली म्हणजे गाणाऱ्याला लपायला जागा उरत नाही. त्यातून दोघांनी एकत्र गायचे, तर एकाचा श्वास दुसऱ्याला ठाऊक हवा. या दोघांची ओळख तर शाळेपासूनची! बासवादक बदलले, अखेरीस दोघेच उरले, २०१८ च्या ‘डबल निगेटिव्ह’मध्ये वाद्यांचे ध्वनी मोडूनतोडून खरखरीत झाले, पण त्या दोन कंठांची जोडी अभंग राहिली.

२०२१ चा तेरावा संग्रह अखेरचा ठरला. ५ नोव्हेंबर २०२२ रोजी कर्करोगाने पार्करबाईंचे निधन झाले. ‘लो’ हे नाव स्पारहॉक यांनी पुढे चालविले नाही. २०२४ साली त्यांचा एकट्याचा संग्रह निघाला, त्यात त्यांनी यंत्राने आपला आवाज ओळखू येणार नाही इतका पालटून टाकला आहे. जोडीचा स्वर गेल्यावर स्वतःचाही नकोसा होत असेल काय?

हे सारे मी घरात सांगितले. सौभाग्यवतींनी हातातले काम बाजूला ठेवले व म्हणाल्या, "लावा पाहू ते पुन्हा."

आम्ही ते शेवटपर्यंत ऐकले. मध्ये कोणीही बोलले नाही.