सुखाचे दिवस परत आले!

लोक सोन्याची नाणी जमवतात. मला नाद लागला तो रोमच्या उतरत्या काळातल्या चिल्लरीचा. त्याला श्रीमंती लागत नाही, डोळे मात्र चांगले लागतात! एका बाजूला सम्राटाचे डोके, दुसरीकडे एखादे चित्र, तळाशी टांकसाळीची खूण. आणि हे सगळे पावलीएवढ्या जागेत.

माझे लाडके नाणे दुसऱ्या कॉन्स्टान्शियसचे. घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला शिपाई भाला खुपसतो आहे आणि भोवती अक्षरे आहेत, ‘फेल टेम्प रेपारातिओ’. म्हणजे, सुखाचे दिवस परत आले! ही नाणी इ. स. ३४८ च्या सुमारास निघू लागली. ३५० मध्ये सम्राटाचा भाऊ कॉन्स्टान्स बंडात मारला गेला; पुढल्याच वर्षी मुर्सा येथे रोमन फौजा आपसांतच लढून गारद झाल्या. पुढे नाणेही आकसत गेले. घोषणा मात्र तीच!

असली नाणी शुद्ध पाण्यात आठवडेच्या आठवडे भिजत घालायची आणि माती लाकडी काडीने हलकेच काढायची. हिरव्या पुटाला धक्का लावायचा नाही. अक्षरे त्या पुटातच जगलेली असतात.

एका दिवाळीत समया, तांबे चिंचेने घासता घासता आईने माझ्या वाटीतले ते नाणेही घासले. “बघ रे, कसं लखलखीत झालं!” तिच्या तळहातावर एक गुलाबी चकती होती. सम्राटाचे नाक गेले होते. तळाची ‘सिस्’ ही अक्षरेही गेली होती. त्यांच्यावरूनच तर मला कळले होते, की ते सिस्कियात, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या सिसाकमध्ये, पाडलेले आहे.

“सोळाशे वर्षं टिकलं, ते तू पाच मिनिटांत संपवलंस!” मी म्हणालो.

आई काही बोलली नाही. हात धुऊन आत गेली.

पुढच्या दिवाळीला ती नव्हती. समया घासायला मीच बसलो. काळे पितळ चिंचेखाली उजळू लागले, तेव्हा कळले की तिने माझ्या नाण्याला घरच्या भांड्यांच्या पंगतीला बसवले होते. सणाला कुणी काळवंडलेले राहू नये, एवढेच तिच्या मनात होते.

आता लक्ष्मीपूजनाच्या ताटात चांदीच्या रुपयाशेजारी ती चकती असते. मागल्या वर्षी नातीने विचारले, “आजोबा, यावर काय लिहिलंय?”

अक्षरे दिसत नाहीत, पण मला पाठ आहेत. मी कडेवरून बोट फिरवत तिला वाचून दाखवले.