कांद्याचं फूल आणि आपलं व्रत



कांद्याला फूल येतं, हे आपल्यापैकी कितीजणींनी निरखून पाहिलंय? आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तरी ते पाहायला लांब जावं लागत नाही. मेहकर, लोणार, देऊळगाव राजा या भागात कांद्याचं बी तयार करणारे पुष्कळ शेतकरी आहेत. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निवडक मोठे कांदे लावतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्यांना हातभर दांडे येऊन वर पांढरे गोल गोंडे फुलतात. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाताना मी ते गाडीतून कितीदा पाहिलेत. एकेका गोंड्यात शेकडो चिमुकली फुलं असतात. त्यांचा पराग आधी पिकतो आणि बी धरणारा भाग नंतर तयार होतो. म्हणून मधमाशी आल्याशिवाय बी नीट भरत नाही, आणि काही शेतकरी त्यासाठी मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवतात.

परदेशात याच कांदा-लसणाच्या जातीतली फुलझाडं हौसेनं बागेत लावतात. जांभळे, गुलाबी, पांढरे चेंडू. त्यांना अ‍ॅलियम म्हणतात. हा विषय माझ्या दारात आला तो मागच्या वर्षी आषाढात. आमच्या सूनबाईनं पुण्याच्या नर्सरीतून माझ्यासाठी एक कुंडी आणली. गवतासारखी चपटी हिरवी पानं, अजून कळी नव्हती. चिठ्ठीवर ‘गार्लिक चाइव्हज’ लिहिलेलं. सासूबाईंनी एक पान बोटांत चुरगळलं आणि हात लांब धरला. लसणाचा स्पष्ट वास.

“सोडलेलं ते सोडलेलं. त्याला पुन्हा दारात कशाला आणायचं?” त्या म्हणाल्या. “आज कुंडीत, उद्या कोणी पान तोडून वरणात टाकेल. नियम असाच सैल होतो.”

सासूबाईंचं वय 88. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. पण सूनबाईचा चेहरा मला बघवला नाही. ती जैन घरातली नाही. तिच्या माहेरी कांद्याशिवाय झुणका होत नाही. लग्नाला 6 वर्षं झाली, तिनं या घरात कांदा-लसूण मागितला नाही की त्याबद्दल कुरकुर केली नाही. ती एवढंच म्हणाली, “आई, मी फुलासाठी आणलं होतं. आपल्यात बघायलाही चालत नाही का?”

या प्रश्नाला “नाही” म्हणणं सोपं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, “का?” आणि त्याचं उत्तर मला तिला नीट देता यायला हवं होतं. मी बी.कॉम. झालेली बाई. गोंधळ झाला की कागद घेऊन खाती पाडते. तशी तीन खाती पाडली.

पहिलं खातं कुळाचं. लसणाचं कुळ घरात नको, असं म्हणावं तर वनस्पतिशास्त्रज्ञांनी 2009 सालच्या वर्गीकरणात कांदा-लसूण आणि अमॅरिलिस एकाच मोठ्या कुळात घेतले आहेत. म्हणजे पहिल्या पावसाबरोबर फुलणारी आपली गुलाबी रेन लिली आणि पांढरी स्पायडर लिली कांद्याच्या नात्यातल्याच. रेन लिलीचा कंद उकरून बघा, अगदी लहान कांदा वाटेल. ती आमच्याकडे सासूबाईंच्याच हातची आहे. उलट बाजारात ‘कांद्याचं बी’ म्हणून मिळणारी कलौंजी कांद्याची कोणीच लागत नाही, ते वेगळंच झाड आहे. नुसत्या नावावर आणि नात्यावर गेलो तर आपण चुकीच्या गोष्टी टाकू आणि चुकीच्या ठेवू.

दुसरं खातं खाण्याचं. कंदमूळ आपण का सोडतो? कंद ही साधारण वनस्पती, एका शरीरात अनंत जीव. शिवाय कंद काढायचा म्हणजे झाड मुळासकट उपटायचं आणि मातीतल्या जीवांनाही धक्का द्यायचा. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात, फळ थोडं आणि घात फार म्हणून टाकायच्या पदार्थांत मुळा आणि ओलं आलं आहे, तसंच कडुलिंबाचं आणि केवड्याचं फूलही आहे. आता कडुलिंबाचं फूल अभक्ष्य आहे म्हणून दारचा कडुलिंब कोणी तोडलाय का? त्याच्या सावलीत आपण खुशाल बसतो. आपल्या व्रतानं आपल्या ताटावर बंधन घातलं आहे. त्या झाडाच्या जगण्यावर नाही.

तिसरं खातं सगळ्यात अवघड, आणि तिथं माझी लेखणी थांबली. अनर्थदंड. कारण नसताना जमीन खोदणं, पाणी ओतणं, झाडपाला तोडणं याला त्याच ग्रंथात प्रमादचर्या म्हटलं आहे. म्हणजे प्रश्न एकट्या लसणाच्या फुलाचा उरत नाही. माझी सगळी बागच त्या खात्यात येते. 30 वर्षं मी शेवंती, गुलाब, मोगरा लावते. आमच्याकडे पूजेत पुष्प म्हणून केशरात रंगवलेले तांदूळ वाहतात, तेव्हा देवासाठी लावते असंही म्हणता येत नाही. बाग माझ्या आनंदासाठी आहे. मग निदान यत्नाचार तरी हवा.

हे सगळं मी जेवणं झाल्यावर दोघींना बसवून वाचून दाखवलं. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “रेन लिली माझीच आहे, खरं.” आणि त्यांनी अटी सांगितल्या. कुंडी स्वयंपाकघराच्या दारापासून लांब, कंपाउंडच्या भिंतीशी राहील. तिचं पान कोणी तोडणार नाही, चवीला नाही आणि औषधालाही नाही. कंद उकरून दुसऱ्या कुंड्या करायच्या नाहीत. सूनबाईनं स्वतःहून एक भर घातली: पाहुण्यांना दाखवताना ‘खायचं नाही’ हे ती आधी सांगेल.

भाद्रपदात दांडे वर आले आणि दशलक्षणाच्या दिवसांत पांढऱ्या चांदण्यांसारखी फुलं उमलली. वास पानांना, फुलांना मात्र मंद गोडसर. मधमाश्या आणि लहान फुलपाखरं दिवसभर. मध आपण खात नाही, पण माशीला तिचं अन्न मिळालं तर ते चांगलंच. सूनबाईनं त्या वर्षी पहिल्यांदाच एकाशन केलं. मी सांगितलं नव्हतं.

कोणाला लावायचं असेल तर थोडं अनुभवाचं सांगते. चित्रातले मोठे जांभळे चेंडू आपल्याकडे मागवू नका. ते मध्य आशियातल्या डोंगराळ भागातले. त्यांच्या कंदाला फुलण्याआधी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. आपल्या हवेत पैसे जातात आणि कंद कुजतो. ही पांढऱ्या फुलांची जात मात्र तग धरते. फिकट जांभळं हवं असेल तर नर्सरीत सोसायटी गार्लिक मिळतं. ते दक्षिण आफ्रिकेचं, त्याच कुळातलं, आणि वासही लसणाचाच.

शक्यतो बी पेरूनच वाढवा, म्हणजे कंद फोडावा लागत नाही. कुंडीखाली ताटली ठेवू नका, साचलेल्या पाण्यात डास होतात आणि मग ते मारावे लागतात. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी पुरतं. गोंडा पूर्ण वाळला की काळं बी सांडायच्या आधी कागदाच्या पिशवीत झटकून घ्या. नाहीतर ते सगळीकडे उगवतं आणि नंतर उपटत बसावं लागतं. ती हिंसा आधीच टळलेली बरी.

आमच्या ओळखीच्या एका काकूंना हे पटलेलं नाही. “घरात नकोच,” असं त्या म्हणतात. त्यांचा नियम त्यांच्यापुरता मोठाच आहे, मी वाद घातला नाही. पण आपल्या मुलीसुना “का?” असं विचारतात, तेव्हा त्यांना ‘वास येतो’ किंवा ‘वाईट असतं’ असं सांगू नका, ही विनंती. कांदा आपण त्यातल्या जीवांच्या दयेपोटी सोडला. तो जमिनीत राहून फुलला तर आपल्या व्रताला कुठं बाध येतो?

यंदाचं बी मी पिशवीत भरून ठेवलंय. मेहकरला येणं झालं तर घेऊन जा.

जय जिनेंद्र.